जकात, सेस आणि गल्लीतला रस्ता

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या घरी हिशेबाची वही निघते. अम्मीचे दागिने, दुकानातला माल, कुणाला उसने दिलेले पैसे, सगळे मांडायचे आणि त्याचे अडीच टक्के काढायचे. यंदा वही समोर असताना भाच्याने विचारले, "मामू, जकात आपण गरिबांना देतो ना? मग गावाबाहेरच्या चौकाला जुना जकात नाका का म्हणतात? तिथे कोण जकात गोळा करायचे?"

त्याला सांगितले, नगरपालिका. त्याचे समाधान झाले, माझे झाले नाही. त्याच आठवड्यात बीडच्या एका चहाच्या टपरीवर आमच्या मोहल्ल्यातल्या रस्त्याचा विषय निघाला होता. बाकावर बसलेला एक ओळखीचा गृहस्थ हसत म्हणाला, "रस्ता मागता, पण तुमच्यात टॅक्स भरतो कोण?" शेजारी आमचा रिक्षावाला दोस्त बसला होता. नुकताच पंपावर पाचशेचे पेट्रोल टाकून आला होता. तो काही बोलला नाही. मीही त्या वेळी काही बोललो नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी पंपावरच्या कराचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास पाहावा लागतो.

नाक्यावरची जकात

'जकात' हा शब्द अरबी 'ज़कात'वरून फारसीमार्गे मराठीत आला. मराठीत येता येता त्यातला इबादतीचा अर्थ गळाला आणि वसुलीचा तेवढा राहिला. गावात येणाऱ्या मालावरचा कर, एवढाच त्याचा अर्थ उरला. महसूल, वसूल, खजाना, रस्ता हे शब्दही त्याच वाटेने आले.

नगरपालिकेच्या जकातीचा मामला सरळ होता. आमचे चाचा ट्रक चालवायचे. गावाच्या वेशीवर बांबू आडवा असायचा. कारकून मालाची बिल्टी पाहायचा, पैसे घ्यायचा, पावती फाडायचा. नाक्यावर तासन् तास खोळंबा व्हायचा, चिरीमिरी चालायची, व्यापारी वैतागायचे. जकात जावी अशी मागणी उगीच होत नव्हती. पण एक गोष्ट मात्र उघड होती. गावाच्या वेशीवर घेतलेला पैसा गावाच्याच तिजोरीत जायचा. रस्ता खराब असला तर नगरसेवकाला गल्लीत अडवून विचारता यायचे की आमची जकात कुठे गेली.

1999 मध्ये राज्य सरकारने नगरपरिषदांची जकात बंद केली आणि बदल्यात अनुदान देऊ केले. बांबू गेला, खोळंबा गेला. त्यासोबत गावाच्या हातातला स्वतःचा वाढता पैसा गेला. तेव्हापासून बीडसारखी नगरपरिषद घरपट्टी, नळपट्टी आणि वरून येणाऱ्या अनुदानावर चालते. त्याच सुमाराला दिल्लीत दुसऱ्या एका वसुलीचा पाया पक्का होत होता. त्या वसुलीची सुरुवात मात्र फार आधीची आणि एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेली आहे.

जयकरांचे दोन आणे

मुकुंदराव जयकर हे नाव मुस्लिम वाचकांना बहुधा वेगळ्या कारणाने आठवेल. डिसेंबर 1928 मध्ये कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत जिनांनी नेहरू अहवालात दुरुस्त्या सुचवल्या, तेव्हा त्यांना ठाम विरोध करणारे जयकरच होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पण त्याच 1928 साली त्यांनी आणखी एक काम संपवले होते, आणि त्याचा परिणाम आजही आपल्या खिशावर होतो. 1927 मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली. हिंदुस्थानात मोटारी वाढत होत्या आणि रस्ते बैलगाडीच्या काळातले होते. 1919 च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि प्रांतांनी त्यातले बरेचसे ओझे स्थानिक बोर्डांवर टाकले होते.

समितीचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. रस्त्यांचा विकास स्थानिक संस्थांच्या आणि प्रांतांच्या ऐपतीबाहेर गेला आहे, त्याकडे देशाचा विषय म्हणून पाहिले पाहिजे, आणि जो मोटार चालवतो त्याच्याकडूनच पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा फक्त रस्त्यांसाठी वेगळा ठेवला पाहिजे. त्यानुसार मार्च 1929 पासून पेट्रोलवरचा कर गॅलनमागे चार आण्यांवरून सहा आणे झाला आणि वाढीव दोन आणे केंद्रीय रस्ते निधीत जाऊ लागले. सुरुवातीला ही योजना प्रयोग म्हणून पाच वर्षांसाठी होती. ती पुढे चालूच राहिली.

या दोन आण्यांत एक करार होता. तुम्ही जास्त द्या, आम्ही ते दुसरीकडे वळवणार नाही. साधा कर सरकारच्या तिजोरीत मिसळतो. सेस म्हणजे नाव सांगून घेतलेला पैसा.

पण त्याच करारात एक खोट होती. केंद्र काही हिस्सा राखून ठेवणार आणि बाकीचा प्रांतांना व संस्थानांना पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात मिळणार. जिथे मोटारी जास्त, तिथे निधी जास्त. मोटारी रस्ते असतात तिथेच धावतात, म्हणजे ज्याच्याकडे रस्ता आहे त्यालाच रस्त्याचा पैसा. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. 1932 मध्ये निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली. ती देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा सेवांपैकी एक होती. पण बालाघाटाच्या डोंगरातल्या आपल्या भागात वाहतूक बैलाच्या खांद्यावर होती, आणि बैल पेट्रोल पीत नाही. खपाच्या हिशेबात असे जिल्हे पहिल्या दिवसापासून मागे पडणार हे ठरलेलेच होते.

नागपूरच्या आराखड्यात शहराची गल्ली नाही

डिसेंबर 1943 मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले. त्यांनी वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. तो 'नागपूर प्लॅन' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि गावरस्ते ही जी वर्गवारी आपण आजही वापरतो, ती तिथली. प्रत्येक रस्त्याला कुणीतरी धनी मिळाला.

या यादीत शहरातली गल्ली नाही. ती नगरपालिकेची बाब मानली गेली आणि राष्ट्रीय हिशेबाच्या बाहेर राहिली. मुंबईसारख्या शहराला ते झेपले, कारण तिची स्वतःची जकात मोठी होती. बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या गावांचे तसे नव्हते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1956 मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्य बदलले, झेंडा बदलला, पण वर्गवारी तीच राहिली.

रस्ते निधीचेही तेच. दशमान पद्धत आल्यावर त्याचा दर लिटरला साडेतीन पैसे धरला गेला आणि कित्येक वर्षे तिथेच अडकला. पेट्रोल महागत गेले, डांबर महागत गेले, निधी मात्र नावापुरता उरला.

एक रुपयाचा कायदा

1998 मध्ये पेट्रोलवर आणि 1999 मध्ये डिझेलवर लिटरमागे एक रुपया जादा शुल्क बसले. 2000 साली संसदेने केंद्रीय रस्ते निधी कायदा केला आणि हा पैसा कुठे जाईल ते आकड्यांत लिहिले. डिझेलच्या सेसचा अर्धा हिस्सा ग्रामीण रस्त्यांना. 25 डिसेंबर 2000 ला सुरू झालेली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना यावरच उभी राहिली. उरलेले अर्धे डिझेल आणि सगळे पेट्रोल मिळून जो पैसा होईल, त्यातले 57.5 टक्के राष्ट्रीय महामार्गांना, 12.5 टक्के रेल्वेवरचे पूल आणि फाटकांच्या सुरक्षेला, 30 टक्के राज्यांच्या रस्त्यांना.

बीड जिल्ह्याला याचा फायदा झाला, हे कबूल केले पाहिजे. ज्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर उचलून आणावे लागे, तिथे डांबर पोहोचले. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला. ऊसतोडीला जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर दसरा-दिवाळीनंतर याच रस्त्यांवरून पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. त्या डिझेलवरचा सेस शेवटी मुकादमाच्या खर्चात आणि तोडणी कामगाराच्या उचलीत मिसळलेला असतो.

पण त्या सूत्रात पुन्हा पाहा. खेडे आहे, राज्य आहे, महामार्ग आहे, रेल्वे आहे. नगरपरिषद नाही. 2011 च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 46 हजार होती. ग्रामसडकसाठी हे गाव फार मोठे आणि महानगराच्या योजनांसाठी फार लहान. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत 'रस्ते व पूल' हा विषय नगरपालिकांसाठी लिहून ठेवला आणि ती दुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली. काम घटनेत आले, पण त्या कामाला लागणारा पंपावरचा पैसा दुसऱ्यांच्या नावावर राहिला.

महामार्ग बायपासने शहराला वळसा घालून गेला आणि त्यावर पाडळशिंगीला टोलनाका आला. नाका म्हटला की आमच्या पिढीला जकात आठवते. पण या नाक्यावरचा पैसा गावात येत नाही.

अठरा रुपये आणि साडेतीन पैसे

सेस आणि कर यांत एक मोठा फरक आहे, आणि तो समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. घटनेच्या कलम 270 प्रमाणे केंद्राने गोळा केलेल्या करांत राज्यांचा हिस्सा असतो. 80 व्या दुरुस्तीने, म्हणजे 2000 सालीच, हे स्पष्ट झाले की सेस आणि अधिभार या वाटणीत येत नाहीत. ते पूर्ण केंद्राचे. म्हणून केंद्रात सरकार कुणाचेही असो, करापेक्षा सेस वाढवणे सोयीचे ठरते.

2015 च्या अर्थसंकल्पात इंधनावरच्या मूळ उत्पादन शुल्कातले चार रुपये काढून रस्ते सेसमध्ये टाकले गेले, सेस सहा रुपये झाला. 2018 मध्ये मूळ शुल्क दोन रुपयांनी कमी केले, सहा रुपयांचा सेस रद्द केला आणि आठ रुपयांचा नवा 'रस्ते व पायाभूत सुविधा उपकर' लावला. पंपावरचा भाव तोच राहिला. ग्राहकाला काही कळले नाही. राज्यांच्या वाटणीतले दोन रुपये मात्र गेले. मे 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना, हा उपकर लिटरला 18 रुपयांवर गेला.

आता एक साधा हिशेब करू. फेब्रुवारी 2021 नंतर काही महिने लिटरभर पेट्रोलवर केंद्राचा कर 32 रुपये 90 पैसे होता. त्यात वाटणीला पात्र असलेले मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे. पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे सर्व राज्यांना मिळून 41 टक्के, म्हणजे सुमारे 57 पैसे. त्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के, म्हणजे साडेतीन पैशांच्या थोडे वर. रिक्षावाल्याने लिटरमागे दिलेल्या 32 रुपये 90 पैशांतून त्याच्या राज्याला हक्काने मिळाले ते एवढे. बाकी जे आले ते योजनांतून, मंजुरीतून, कुणाच्या तरी पत्रातून आले. रोज पाच लिटर टाकणारा रिक्षावाला त्या काळात दिवसाला 90 रुपये नुसता रस्त्यांचा उपकर भरत होता. नोव्हेंबर 2021 मध्ये आणि मे 2022 मध्ये कपात होऊन हा उपकर पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 2 रुपयांवर आला.

2018 च्या बदलाने एक दार उघडले, तेही नोंदवले पाहिजे. निधीच्या नावात 'पायाभूत सुविधा' आल्या. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, शहरी सार्वजनिक वाहतूक, दवाखाने या गोष्टींवरही आता त्यातून खर्च होऊ शकतो. म्हणजे नगरपालिकेची जवळपास सगळी कामे कायद्याच्या यादीत आली. पण नगरपरिषदेसाठी राखून ठेवलेला हिस्सा त्यात नाही. कुणाला किती हे केंद्र ठरवते.

आणि पैसा निधीत तरी पूर्ण पोहोचतो का? महालेखापालांच्या अहवालानुसार 2018-19 मध्ये 35 प्रकारच्या सेस आणि तत्सम वसुलीतून 2 लाख 74 हजार 592 कोटी रुपये आले आणि त्यातले 1 लाख 64 हजार 322 कोटीच नेमलेल्या निधींत जमा झाले. न जमा झालेल्या रकमेत रस्ते व पायाभूत सुविधा उपकराचे 10 हजार 157 कोटी होते. दोन आण्यांचा करार असा सैल होत गेला.

राज्य सरकारही यात मागे नाही. 2015 च्या दुष्काळात महाराष्ट्राने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले, कारण दुष्काळ. बीडने तो दुष्काळ अंगावर काढला होता, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पुढच्या वर्षी मराठवाड्यात धो धो पाऊस पडला. पेट्रोलवरचा अधिभार मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

आठ खाती

पुन्हा आमच्या घरच्या वहीकडे येतो. ज़कातीचा पैसा कुठे खर्च करायचा याची आठ खाती कुरआनात सूरह तौबामध्ये नेमून दिलेली आहेत. गरीब, मिसकीन, वसुली करणारे, कर्जात बुडालेले आणि इतर. आठवे खाते आहे 'इब्नुस्सबील'. शब्दशः अर्थ घेतला तर वाटेचा लेक, म्हणजे वाटसरू. या आठांच्या बाहेर तो पैसा जाऊ शकत नाही. ज़कातीच्या पैशातून मशिदीचा मिनार उभारता येत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. मिनार वाईट आहे म्हणून नव्हे. पैसा दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून.

दुसरी गोष्ट हदीसमधली. पैगंबरांनी मुआज़ बिन जबल यांना यमनला पाठवले तेव्हा ज़कातीबद्दल सांगितले, की ती त्यांच्यातल्या श्रीमंतांकडून घ्यावी आणि त्यांच्यातल्याच गरिबांना परत द्यावी. जिथून घेतली, तिथेच. यमनचा पैसा मदिनेला आणून मग यमनच्या लोकांना अर्ज करायला लावायचे, असे त्यात नाही.

देशाचा कायदा शरियतवर चालावा असे मी म्हणत नाही, आणि सेस म्हणजे ज़कात नव्हे. पण नाव सांगून घेतलेला पैसा ही अमानत असते, हे समजायला कुठल्याही एका धर्माची गरज नाही. जयकरांची समितीही वेगळ्या भाषेत तेच सांगत होती.

खजाना

बीडच्या दक्षिणेला खजाना बावडी आहे. निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखानाने 1582 च्या सुमारास ती बांधून घेतली. भुयारी नहरांनी तिचे पाणी शेतांपर्यंत जाते. दुष्काळात तालुक्यातल्या विहिरी तळ गाठतात, पण हिचे पाणी हटत नाही, असे बीडमध्ये कुणीही सांगेल. नावाबद्दल जुने लोक सांगतात, की खजिन्याचा पैसा ओतून बांधली म्हणून खजाना. ही दंतकथा असेल. पण लोकांनी ती चारशे वर्षे जपली, कारण खजिना शेवटी कुठे दिसायला हवा याची त्यांची समज त्यात आहे.

आज आपल्याकडे उलटे झाले आहे. एखादा रस्ता झाला की त्यावर फलक लागतो. 'अमुक साहेबांच्या प्रयत्नातून केंद्रीय मार्ग निधीतून मंजूर.' साहेबांचा फोटो मोठा, निधीचे नाव बारीक. आपणही हार घेऊन उभे राहतो. विशेषतः आपल्या मोहल्ल्यांत रस्ता ही मेहेरबानी मानण्याची सवय लागली आहे. निवडणुकीआधी खडी पडते, आपण आभार मानतो, पावसाळ्यात खडी वाहून जाते, आपण पुढच्या निवडणुकीची वाट पाहतो. टपरीवरच्या त्या गृहस्थाचा प्रश्न याच सवयीतून निघतो. आपण स्वतःला देणारा समजलो नाही, तर दुसरा का समजेल?

बीड शहरात 17 सप्टेंबर 2025 पर्यंत रेल्वेगाडी आली नव्हती. जिल्ह्यात परळीला रेल्वे होती, पण शहरात येणारे धान्य, सिमेंट, औषध, सगळे डिझेलवर आले. म्हणजे या शहरातल्या प्रत्येक घराने, गाडी असो वा नसो, वर्षानुवर्षे रस्त्यांचा सेस भरला आहे. मोमीनपुऱ्यातल्या विधवेने तो तांदळाच्या भावात भरला. सेस भरताना कुणी नाव विचारत नाही, जात विचारत नाही, मोहल्ला विचारत नाही.

म्हणून मागायचे ते दोनच. एक, इंधनावरच्या उपकरात नगरपरिषदांचा हिस्सा कायद्यात आकड्याने लिहावा आणि तो पेट्रोलच्या खपावर न ठरवता लोकसंख्या आणि मागासलेपणावर ठरवावा. 1929 ची खोट तरी निघेल. दोन, आलेला पैसा कोणत्या गल्लीत किती खर्च झाला हे नगरपरिषदेने वॉर्डावॉर्डात भिंतीवर लिहावे. दुसऱ्या कामासाठी दिल्लीला जावे लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

भाच्याला मी परवा एवढेच सांगितले, की नाक्यावरची जकात गेली नाही, ती पंपावर गेली. तो म्हणाला, "मग तिची पावती कुठे आहे?" मी खिशातली पंपाची चिठ्ठी काढून दाखवली. तिच्यावर लिटर होते, दर होता, एकूण रक्कम होती. सेसचा आकडा त्यात कुठेच नव्हता.